नेट अडकले म्हणता, पण पाणी कुठे मुरते?



घरातला पोरगा मोबाइलवर बंदुकीचा खेळ खेळत असतो आणि एकाएकी ओरडतो, ‘नेट अडकलं! मेलो!’ ही आरोळी आता गावोगावी आळीआळीतून ऐकू येते. आजीला वाटते, पोराला काय झाले. आई म्हणते, ‘मेलास ना? मग ऊठ, जेवायला ये.’ आणि बाप म्हणतो, ‘महिन्याच्या महिन्याला रिचार्ज मारतोय, तरी नेट अडकतंय कसं?’

बापाचा प्रश्न खरा आहे. आज त्याचेच उत्तर शोधायचे आहे, कारण चुकीचे उत्तर महाग पडते. कुणी मोठे रिचार्ज मारतो, कुणी उसाच्या बिलातून पोराला नवा फोन घेऊन देतो, कुणी भलतेच काही फोनमध्ये उतरवून घेतो. पैसा जातो आणि अडकायचे ते अडकतेच. शेवटच्या सरीला पाणी पोचत नसेल तर आपण लगेच नवी मोटर आणत नाही. विहिरीपासून सरीपर्यंत चालत जातो आणि पाणी कुठे मुरते ते पाहतो. इथेही तसेच चालत जायचे आहे.

पाटपाणी आणि ठिबक

आधी खेळ चालतो कसा ते पाहू. मुले ज्याला बीजीएमआय म्हणतात तो खेळ घ्या. सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी घातली, त्यानंतर जुलै २०२१ मध्ये हा खेळ भारतासाठी आला. जुलै २०२२ मध्ये तो दुकानातून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. मोठ्या डावात १०० जण एका बेटावर उतरतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो.

हे बेट पोराच्या फोनवर दिसते खरे, पण त्याचा खरा हिशोब कंपनीच्या दूरच्या संगणकात असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. कोण कुठे उभा आहे, कुणाची गोळी कुणाला लागली, याचा निवाडा तिथे होतो. फोन त्याला सेकंदाला अनेक वेळा चिठ्ठी धाडतो : मी इथे आहे, इकडे पाहतो आहे, गोळी झाडली. सर्व्हर उलट चिठ्ठी धाडतो : बाकीचे अमुक ठिकाणी आहेत. या चिठ्ठीचे नाव पॅकेट. ती वाटेत हरवली तर त्याला पॅकेट लॉस म्हणतात. ती उशिरा पोचली आणि त्यामुळे खेळ मागे पडला तर त्याला लॅग म्हणतात. चिठ्ठी जाऊन उत्तर येईपर्यंत जो वेळ लागतो तो पिंग. एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मिलिसेकंद. पिंग त्यात मोजतात. पिंग हे नाव जुने आहे. १९८३ च्या डिसेंबरात अमेरिकेत माइक मूस यांनी संगणकाची लाइन तपासायला एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पाण्याखालची वस्तू शोधायला आवाज सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून त्यांनी हे नाव ठेवले.

आता तुम्ही विचाराल, ‘अहो, त्याच फोनवर सिनेमा तर झकास चालतो, मग खेळच का अडकतो?’

सिनेमा हे पाटपाणी आहे. फोन पुढचा थोडा भाग आधीच भरून ठेवतो, जसा आपण हौद भरून ठेवतो. लाइन दोन-चार सेकंद तुटली तरी हौदातले पाणी चालते. एखादे पॅकेट हरवले तर ते पुन्हा मागवायला सवड असते. खेळाचा हौद भरता येत नाही, कारण समोरचा गडी पुढच्या क्षणी काय करणार हे अजून घडलेलेच नसते. हरवलेली चिठ्ठी पुन्हा मागवूनही फायदा नाही. कांद्याचा कालचा भाव आज संध्याकाळी कळून काय करायचे? म्हणून असे खेळ बहुधा जुनी चिठ्ठी सोडून देतात आणि पुढची ताजी वाचतात.

खेळ म्हणजे ठिबक. पाणी थोडेच लागते, पण थेंब चुकता कामा नये. तासभर सिनेमा पाहायला जेवढा डेटा लागतो त्याच्या मानाने तासभर खेळायला फारच थोडा लागतो. म्हणून मोठ्या रिचार्जने खेळ सुधारेलच असे नाही. ड्रीपरमध्ये कचरा अडकला असेल तर पाइप दोन इंचीचा तीन इंची करून काय होणार?

भिंतीआड असून मेलो कसा?

या खेळांत पोरांची सर्वांत जास्त भांडणे एका गोष्टीवरून होतात. ‘मी भिंतीआड गेलो होतो, तरी त्यानं मला मारलं. तो चोर आहे, काहीतरी हॅक करतो.’ मित्र मित्राला चोर म्हणतो आणि शाळेच्या वाटेवर अबोला धरतो. यातले पुष्कळ अबोले नुसत्या उशिराने झालेले असतात. ते कसे, ते ऐका.

जून १९९६ मध्ये अमेरिकेत क्वेक नावाचा बंदुकीचा खेळ निघाला. तेव्हा बहुतेक घरांत नेट टेलिफोनच्या तारेतून येई. बटण दाबायचे, चिठ्ठी सर्व्हरकडे जायची, परत यायची, आणि मग कुठे आपला माणूस एक पाऊल टाकायचा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जॉन कारमॅक यांनी क्वेकवर्ल्डमध्ये यावर तोड काढली. सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबायचे नाही, आपल्या माणसाला लगेच चालू द्यायचे, आणि उत्तर आल्यावर फरक असेल तर तो जुळवून घ्यायचा. हीच रीत आजच्या खेळांत आहे. म्हणून चिठ्ठ्या हरवू लागल्या की आपला माणूस चार पावले पुढे जातो आणि दाव्याला बांधलेल्या वासरासारखा हिसका बसून मागे येतो. पोरांनी हा हिसका पाहिला की समजावे, चिठ्ठ्या हरवत आहेत किंवा उशिरा पोचत आहेत.

दुसरी रीत नेमबाजीची. व्हॉल्व्ह कंपनीतले यान बर्नियर यांनी २००१ मध्ये ती सविस्तर लिहून ठेवली. गोळी झाडल्याची चिठ्ठी आली की सर्व्हर घड्याळ थोडे मागे फिरवतो आणि पाहतो, की झाडणाऱ्याच्या पडद्यावर त्या क्षणी कोण कुठे दिसत होता. त्याचा नेम बरोबर बसला असेल तर गोळी लागली असे धरतो. असे केले नाही तर उशिराच्या लाइनवरच्या पोराला नेम धरताच येणार नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. तुम्ही भिंतीआड पोचलात, आणि समोरच्याच्या पडद्यावर मात्र अजून उघड्यावरच आहात. सेकंदाला सहा मीटर धावणारा माणूस १५० मिलिसेकंदांत जवळजवळ एक मीटर पुढे जातो. भिंतीची कड ओलांडायला तेवढे पुरे. दोघेही आपापल्या पडद्यापुरते खरे बोलत असतात. तेव्हा मित्राला चोर म्हणण्याआधी दोघांनी आपापला पिंग पाहावा.

विहिरीपासून सरीपर्यंत

आता चालायला लागू. वाटेत चार ठिकाणे आहेत. आपण उलटीकडून, म्हणजे हातातल्या फोनपासून सुरुवात करू.

*फोन.* खेळताना पडद्याच्या कडेला पिंगचा आकडा दिसतो. साधारण ठोकताळा असा : ५० च्या आत असेल तर उत्तम, १०० पर्यंत चालून जाते, १५० च्या पुढे जाणवू लागते. मात्र आकडा एका जागी राहणे जास्त महत्त्वाचे. कायम ८० असलेली लाइन बरी; घडीत ४० आणि घडीत ३०० होणारी वाईट. आता आकडा कमी आणि स्थिर आहे, तरी चित्र धक्के खात चालले आहे, असे दिसले तर नेटला दोष देऊ नका. फोन दमला आहे. फोन तापला की तो स्वतःला जपण्यासाठी काम हळू करतो. चार्जरला लावून खेळणे, जाड कव्हर, माडीवरचे पत्र्याचे तापलेले छप्पर, या सगळ्यांनी तो तापतो. कव्हर काढा, चार्जिंग आधी करून घ्या, खेळातली चित्राची प्रत एक पायरी खाली आणा. यातल्या कशालाच पैसा लागत नाही.

*घर.* ज्यांच्या घरी वायफाय आहे त्यांनी राउटर कुठे ठेवला आहे ते पाहावे. पुष्कळ घरांत तो लोखंडी कपाटामागे किंवा फळीवरच्या पितळी डब्यांच्या रांगेत असतो. दगडी भिंत, पत्रा आणि कपाट यांतून लहरी नीट जात नाहीत. राउटरपासून दोन हातांवर बसून एक डाव खेळून पाहा. तिथे आकडा सुधारला तर दोष भिंतीचा. राउटर मोकळ्या उंच जागी आणा म्हणजे झाले. खेळ संगणकावर असेल तर राउटरपासून थेट तार जोडणे सर्वांत चांगले.

घरातला दुसरा दोष लपून बसतो. संध्याकाळी थोरली लग्नाचे फोटो पाठवत असते, काका सिनेमा लावतात, आणि कुणाचा फोन गुपचूप अ‍ॅप अद्ययावत करत असतो. गाळपाच्या दिवसांत कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, आठवते ना? त्या रांगेमागे मोटरसायकलवाला अडकला की त्याच्याजवळ ओझे नसले तरी रांगेबरोबरच सरकावे लागते. खेळाची चिठ्ठी म्हणजे तो मोटरसायकलवाला. राउटर आलेला माल फेकून न देता रांगेत धरून ठेवतो, रांग वाढत जाते आणि पिंग चढतो. अमेरिकेतल्या जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास हा दोष लोकांपुढे मांडला, आणि २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवायची एक रीत सांगितली. काही राउटरांत तशी सोय असते; लाइन बसवणाऱ्या मुलाला विचारा. नसेल तर सोपा उपाय म्हणजे खेळाच्या वेळी मोठे उतरवणे-चढवणे थांबवणे, किंवा ते रात्री सगळे निजल्यावर लावणे.

*टॉवर.* ज्यांचे नेट सिमकार्डावर आहे त्यांचे पाणी बहुधा इथे मुरते. टॉवर सगळ्या गावाचा असतो. एका रोहित्रावर सगळ्यांनी एकदम मोटरी चालू केल्या की दाब पडतो, तसे रात्री आठ ते दहा या वेळात टॉवरचे होते. सकाळी सहाला आकडा ५० आणि रात्री नऊला २५० असेल तर दोष गर्दीचा समजा. घरात वाईट आणि गच्चीवर चांगला असेल तर दोष लहरींच्या ताकदीचा. फाइव्ह-जी आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाले, पण जिथे ते पुसट येते तिथे फोन घडीत त्यावर आणि घडीत फोर-जीवर उड्या मारतो. प्रत्येक उडीला चिठ्ठ्या खोळंबतात. अशा ठिकाणी फोन फोर-जीवरच कायम करून पाहावे. पावसाळ्याचीही एक गोष्ट आहे. कितीतरी टॉवर एकमेकांशी थाळीसारख्या गोल अँटेनाने, हवेतून जोडलेले असतात. मुसळधार पावसात त्या लहरी पाण्यात जिरतात. वीज गेली की टॉवर बॅटरीवर जातो, आणि बॅटरी संपली की सगळेच शांत.

*लांबची वाट.* चिठ्ठी काचेच्या तारेतून प्रकाशाच्या रूपाने जाते. वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. नागपूरहून मुंबईला सरळ रेषेत जाऊन यायचे म्हटले तर चौदाशे किलोमीटर होतात, म्हणजे सात मिलिसेकंद. सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईहून जाऊन येऊन पावणेआठ हजार किलोमीटर, म्हणजे सुमारे ४० मिलिसेकंद. खरी वाट वळणे घेत जाते, त्यामुळे आकडा यापेक्षा वरच राहतो. त्याखाली तो कुणालाच आणता येणार नाही. म्हणून खेळात सर्व्हर निवडायची सोय असेल तर जवळचा निवडावा. कधी कधी दोष अगदीच परका असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ समुद्राखालच्या तारा तुटल्या. त्या दिवसांत बरीच वाहतूक लांबच्या वाटेने वळवावी लागली आणि त्याचा उशीर भारतातही जाणवला. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही. थांबायचे.

चार दिवसांची वही

नवे बियाणे आले की आपण सगळे शेत त्याच्या हवाली करत नाही. एका वाफ्यात पेरून पाहतो, आणि खत तेच ठेवतो, पाणीही तेच ठेवतो. इथेही एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पोराच्या हाती जुनी वही द्या आणि चार दिवस लिहायला सांगा : वेळ, बसायची जागा, वायफाय की सिम, पिंगचा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा, आणि त्या वेळी घरात आणखी कोण नेट वापरत होते.

पहिल्या दिवशी नेहमीसारखे खेळावे. दुसऱ्या दिवशी राउटरजवळ किंवा गच्चीवर बसावे. तिसऱ्या दिवशी जागा नेहमीचीच ठेवून बाकीच्यांचे नेट अर्धा तास बंद ठेवावे. चौथ्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी शेजाऱ्याच्या दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून हॉटस्पॉट घेऊन पाहावे. चार दिवसांत वहीच सांगते, पाणी कुठे मुरते. दुसऱ्या कंपनीचे सिम चांगले चालले तर सिम बदलण्यात शहाणपण. नंबर तोच ठेवता येतो.

दोष टॉवरचा निघाला तर तक्रार करा. १९८ हा मोबाइल कंपन्यांच्या तक्रारीचा क्रमांक आहे. ‘नेट चालत नाही’ एवढेच म्हणू नका; वही समोर ठेवा आणि अमुक तारखांना, अमुक वेळी, अमुक आकडा होता असे सांगा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. एकट्याच्या तक्रारीपेक्षा आळीतल्या दहा घरांनी आपापल्या नंबरवरून केलेली तक्रार जड पडते.

हे घेऊ नका

‘पिंग निम्मा करतो’ म्हणणारी अ‍ॅप्स पुष्कळ आहेत. टॉवरवरची गर्दी किंवा समुद्राची लांबी कुठलेही अ‍ॅप कमी करू शकत नाही. चिठ्ठीची वाटच चुकीची पडली असेल तर वाट बदलून देणारी सेवा क्वचित उपयोगी पडते. पण आपल्या गावांतला नेहमीचा दोष तो नव्हे. त्यातून कुणी लिंक पाठवून दुकानाबाहेरचे अ‍ॅप उतरवायला सांगत असेल तर साफ नाही म्हणावे. ज्या फोनवर पोरगा खेळतो त्याच फोनवर बहुधा बापाचे बँक खाते असते. अशा अ‍ॅपने संदेश वाचायची परवानगी मागितली आणि पोराने घाईघाईत दिली, तर बँकेचा ओटीपी तिसऱ्याच माणसाला दिसतो. दहा मिलिसेकंद वाचवायला जाऊन दुधाच्या बिलाचे पैसे जायचे.

आईसाठी दोन शब्द

‘हाक मारली तरी उठत नाही’ ही तुमची तक्रार रास्त आहे. पण खेळाची एक अडचण आहे : डाव थांबवून ठेवता येत नाही. मोठा डाव अर्ध्या तासाच्या आसपास चालतो आणि त्यात चारजणांची टोळी असते. मधेच उठले की बाकीचे तिघे उघडे पडतात. म्हणून हाक डावाच्या मध्यावर मारू नका. डाव सुरू होण्याआधी सांगा, ‘भाकरी अर्ध्या तासात होते, एवढा एकच.’ आणि पोरांनो, ‘एवढा एकच’ म्हणजे एकच बरे का. हरल्यावर फोन आपटायचा नाही. फोनचा दोष क्वचित असतो, आणि असला तरी आपटून तो जात नाही.

शेवटी थोरल्यांना सांगायचे ते असे. पोराच्या खेळाकडे नुसता रिकामा उद्योग म्हणून पाहू नका. पुण्याला दिलेल्या लेकीचा व्हिडिओ कॉल मधेच गोठतो, तिचे अर्धे वाक्य गिळले जाते, त्याचे कारणही हेच : चिठ्ठ्या हरवतात. बोलण्याचाही हौद भरून ठेवता येत नाही. पोरगा वहीत जे आकडे लिहील ते पर्जन्यमापकाच्या आकड्यांसारखे सगळ्या घराच्या कामाचे आहेत. राउटर कपाटामागून बाहेर आला, तर खेळ सुधारेल आणि नातवंडाचा चेहराही आजीला न गोठता दिसेल.

तेव्हा नव्या फोनाचा हट्ट घरात निघाला असेल, तर आधी चार दिवसांची वही मागा. वही पाहून काय ते ठरवा.